दाराजवळचा स्विच

"तुझा काका मशीनवर गेला, तेव्हा स्विच कोणी दाबला होता गं?"

हा प्रश्न घरी विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. आमच्यातली बडबडी, जिला आम्ही टकळी म्हणतो, ती तर म्हणाली, "ही कसली विचारतेय. घरात हिची भिजलेली मांजर होते."

मी विचारला. पण त्याआधी काय घडलं ते सांगते. अक्षरन् अक्षर खरं आहे. हसायचं तर खुशाल हसा. माझा सगळा राग आधीच दुसरीकडे खर्च झालाय.

आमच्या घरामागे बाबांचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. तिथे लाकूड गुळगुळीत करणारं रंधा मशीन आहे. त्याच्या पोटात एक ड्रम फिरतो आणि ड्रमवर धारदार पाती असतात. मी पाळण्यात होते तेव्हा काका ती पाती बदलत होता. मध्येच मशीन सुरू झालं. अर्धवट आवळलेलं पातं उडालं...

काका जागेवरच गेला.

तेव्हापासून घरात एकच पालुपद. "धांदरट होता. प्लग काढला नाही, वर आपल्याच हाताने स्विच दाबला."

काकूसुद्धा हेच म्हणते. तिने नवऱ्याचा फोटोही भिंतीवर लावलेला नाही.

गेल्या रविवारची दुपार. लख्ख ऊन. बाबा जेवून घोरत होते. पाती बदलायला मी त्यांच्याकडूनच शिकलेय, आणि झकास शिकलेय. म्हटलं, बोथट पाती बदलून टाकू, उठल्यावर बघतच राहतील.

प्लग काढून समोर ठेवला. नवी पाती बसवली, नट हलकेच आवळले. आता ती एका पातळीत आणायची. त्यासाठी टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवून ड्रम हाताने फिरवायचा. पातं पट्टीला निसटतं लागतं आणि तिला जरासं पुढे ओढतं. प्रत्येक पात्याने सारखंच ओढलं पाहिजे.

पहिल्याने ओढलं. दुसऱ्यानेही तेवढंच.

पाना घ्यायला मी हात काढला...

पट्टी सरकली.

ड्रमला कोणाचाच हात नव्हता.

मग दाराजवळ...

खट.

मशीनचा एकुलता एक स्विच तिथे आहे. तो चालू झाला होता. मी उठले, बंद केला, परत येऊन मशीनवर वाकले. एक हात ड्रमवर, एक पान्यावर.

खट.

प्लग माझ्या डोळ्यांसमोर पडलेला. तरी ड्रम थरथरला... माझ्या तळहाताखाली.

पळायला हवं होतं. पण माझी सटकली. "कोण आहे? समोर ये ना."

 

तशीच वाकलेली असताना मी स्विचकडे हात लांबवला.

पोचला नाही.

खांदा निखळेल इतका ताणला. तरी अर्धी खोली मध्ये उरली.

मग काकाचा हात कसा पोचला?

खट. या वेळी स्विच बंद झाला... आपोआप.

मी तडक घरात. बाबा उठून चहा पीत होते.

"बाबा, दाराजवळचा स्विच कधी हलवलाय?"

"छे. वर्कशॉप बांधल्यापासून तिथेच आहे. का गं?"

"मग तो काकाने दाबला कसा? कोणी दाबला?"

"मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसू नकोस," आई म्हणाली.

"नाक नाही आई, हात. हात घालून बघून आलेय. पोचत नाही."

बाबांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. आईने तो काढून घेतला. म्हणजे तिला माहीत होतं.

"मला वाटलं, त्याचं पाती बसवून झालंय," बाबा म्हणाले.

इतकंच. इतकी वर्षं मेलेल्या माणसाला धांदरट म्हणून झाल्यावर, इतकंच.

मागून, रिकाम्या वर्कशॉपमधून, पुन्हा तोच खट आवाज आला. तिघांनीही ऐकला. वळून कोणी पाहिलं नाही. मीसुद्धा नाही... अजूनही त्या बाजूची खिडकी मी उघडत नाही.

मी चपला घातल्या.

"मी काकूकडे चाललेय. बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही सांगा. नाही आलात तर मी सांगणार."