सोड म्हणेपर्यंत

गुणाजीला ट्रकच्या इंजिनाचे पट्टे बदलायचे होते, एवढंच. घोडपदेवच्या चाळीमागे ट्रक चार महिने उभा होता आणि संध्याकाळी तो बघायला गिऱ्हाईक येणार होतं. चालू केला की जुना पट्टा असा किंचाळायचा की वरच्या मजल्यावरची माणसं शिव्या घालत खिडक्या लावून घ्यायची. गॅरेजात नेणं गुणाजीच्या स्वभावात नव्हतं. बत्तीस वर्षं ट्रकचं सगळं घरीच झालं होतं, त्याने आणि धाकट्या भावाने, मनूने, मिळून केलेलं.

काम तसं दोघांचंच. नवा पट्टा चढवला की एकाने अल्टरनेटर पहारीने बाहेर रेटून धरायचा, म्हणजे पट्टा ताणला जातो. तेवढ्यात दुसऱ्याने बोल्ट आवळायचा. पहार मनूची, पाना गुणाजीचा. "धर" म्हटलं की मनू धरायचा आणि "सोड" म्हटल्याशिवाय काही झालं तरी सोडायचा नाही. एकदा बोल्ट आवळून गुणाजी सोड म्हणायचं विसरला आणि कोपऱ्यावर चहा प्यायला गेला. परत येऊन बघतो तर हा पठ्ठ्या घामाघूम, हात लटलट कापताहेत, पण पहार तशीच धरलेली. चाळीने त्यावरून दोघांची वर्षभर टर उडवली.

आता मनू नव्हता. हॉस्पिटलात तेरा दिवस मशीनवर होता. यातून काही निघणार नाही, मशीन काढायला तुम्ही हो म्हणा, त्यांचे हाल तरी थांबतील, असं डॉक्टरांनी थोरल्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं. मनूच्या बायकोने, बेबीनेही ते त्याच्यावरच सोपवलं. गुणाजीच्या तोंडून हो निघालं नाही. चौदाव्या दिवशी मनूचं शरीरच थकलं. तेव्हापासून गुणाजीला धड जेवण गेलं नव्हतं.

रविवारची दुपार होती, चाळ जेवून आडवी झालेली. गुणाजीने जुने पट्टे काढले, नवे चढवले, अल्टरनेटरमागे हातभर लांबीची पहार घातली. एका हाताने रेटायचं आणि दुसऱ्याने आवळायचं, ते काही जमेना. पहार तीनदा निसटली, बोटं सोलवटली. चौथ्या खेपेला सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "धर."

पहार हाताला एकदम हलकी लागली. गुणाजीने हात काढून घेतला तरी ती अधांतरी तशीच राहिली, अल्टरनेटर रेटून, पट्टा ताणून. लवंगेचा वास आला. बिडी सुटावी म्हणून मनू दिवसभर लवंग चघळायचा.

गुणाजी घाबरला, नाही असं नाही. पण हात कामाला सरावलेले. त्यांनी बोल्ट आवळला. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. हवा तेवढाच ताण होता. आता फक्त सोड म्हणायचं राहिलं होतं.

पहार कापायला लागली. ते कापणं गुणाजीच्या ओळखीचं होतं.

"मनू... दमलास ना रे..."

त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो शब्द म्हटला की मनू जाणार, कायमचा जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मडगार्डवर डोकं टेकून तो पोरासारखा रडला.

मागे बेबी चहाचा कप घेऊन उभी होती. वास तिलाही आला असावा. तिची नजर पहारीवरून हलत नव्हती.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "सांगून टाका आता त्यांना... माझं नाही ऐकायचे ते."

गुणाजीने अलगद बॉनेट खाली घेतलं आणि ट्रक विकायचा नाही म्हणून गिऱ्हाईकाला फोनवर कळवलं.

त्यानंतर दर रविवारी तो खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, पहारीकडे बघत राहायचा आणि न बोलता वर यायचा. बेबीने त्याच्याशी बोलणं टाकलं.

कालच्या रविवारी बॉनेट उघडावंच लागलं नाही. जिन्यातच त्याला आवाज आला, बंद बॉनेटच्या आतून, लोखंडावर लोखंड खडखडल्याचा. तिसऱ्या पायरीवर गुणाजी थांबला आणि तिथूनच माघारी वळला. वर दार लावून घेतलं तरी आवाज येतच होता.