पाळण्याला बांधलेलं घड्याळ

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या मनगटावर एक घड्याळ आहे आणि त्याला चावी द्यावी लागत नाही. तुम्ही चालता, हात पुढेमागे हलतो, तेवढ्यावर ते चालतं. तुम्ही आडवे झालात, की काही वेळाने तेही निजतं. आता ते काढून ज्योतीरामच्या हातात घाला आणि माझ्याबरोबर काळेवाडीला चला.

तेव्हाची काळेवाडी म्हणजे नदीच्या अंगाला थोडी घरं आणि भोवती ज्वारी. पलीकडे पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते. ज्योतीराम बीडकडून बायको सुमन आणि मुलांसह आला होता आणि त्यातल्या एका कारखान्यात लागला होता. वारा उलटा असला, की भोंगा नदीच्या अलीकडे ऐकू येत नसे. दोनदा तो उशिरा पोचला. मुकादमाने बजावलं, "आता पुन्हा उशीर झाला, तर बोचकं बांध आणि गावाकडं जा."

म्हणून घड्याळ हवं होतं.

देहूरोडला लष्कराच्या लिलावातला जुना माल रस्त्यावर मांडून विकत. पट्टे, शिट्ट्या, पोचे आलेले डबे, आणि त्यांत हे घड्याळ. काळी तबकडी, हिरवट आकडे, काटे थांबलेले.

"बंद हाय की," ज्योतीराम म्हणाला.

"हातात घालून चाला, राव. ते पायावर चालतंय, चावीवर न्हाई."

ज्योतीराम देहूरोडहून घरापर्यंत हात झुलवत चालत आला. रस्त्याने लोक हसले. घड्याळ काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी तो यशोदेला घेऊन पिंपरीच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या वजीरचाचांकडे गेला. यशोदा त्याची थोरली, नऊ वर्षांची. वजीरचाचांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण फिरवून काढलं आणि तिला जवळ बोलावलं.

"ही बघ बेटी, अर्ध्या चांदासारखी चकती. हात हलला की ही झुलते, ही झुलली की आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, भरते. पाळण्यासारखंच." मग ते घड्याळावर आणखी वाकले. चिमट्याने त्यांनी काहीतरी चाचपलं. केसाएवढी बारीक तार होती. चकतीला वेढे घालून ती कडेच्या स्क्रूला आवळून बांधली होती.

"हे मोडलेलं नाही, ज्योतीभाऊ. हे कुणीतरी बांधून ठेवलंय."

"कामून?"

"अल्ला जाने. बांधणारा मात्र कारागीर होता. किती सफाईनं बांधलंय!"

त्यांनी तार कापली. घड्याळ टेबलावर उताणं पडलं होतं, कुणाचाही हात लागलेला नव्हता. चकती एकदा सावकाश फिरली आणि थांबली, खूप वेळ बसून उठलेल्या माणसाने पाय मोकळे करावेत तशी.

"टेबल हललं असेल," वजीरचाचा म्हणाले. त्यांनी झाकण मात्र घाईघाईने लावलं.

घड्याळ चोख चालू लागलं. ज्योतीराम आता भोंग्याच्या आधी फाटकावर उभा असे. अडचण आली ती सुट्टीच्या दिवशी. दिवसभर तो घरी पडून राहिला आणि घड्याळ निजलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला वेळ विचारत तो कसाबसा धावत पोचला. रात्री जेवतानाही तो पुन्हा पुन्हा घड्याळ हलवून बघत होता.

युक्ती काढली ती यशोदेने. वजीरचाचांचं बोलणं तिच्या ध्यानात होतं. तान्ह्या भैरूला झोके देण्याचं काम तिचंच. "आबा, तुमी घरी असलात की घड्याळ पाळण्याला बांधू. भैरू पण निजंल, घड्याळ पण चालंल."

"डोकं बापावर गेलंय," ज्योतीराम खूश होऊन म्हणाला.

"मग बरंय, आईचं माझ्यापाशी शिल्लक ऱ्हायलं," सुमन म्हणाली, आणि तिघंही हसली.

पाळणा लाकडी होता, तुळईच्या कडीला टांगलेला. झोका दिला की कडी कुरकुरत असे. त्या दिवसापासून कामावरून आल्यावर ज्योतीराम घड्याळ काढून देई आणि यशोदा ते पाळण्याच्या दोरीला बांधी.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते पाढे म्हणताना. एक झोका देऊन ती पाटी घेऊन बसे. पूर्वी दोनाचा पाढा संपेतो पाळणा थांबायचा. आता चाराचा संपला तरी तो हलतच होता. तिला वाटलं, आपण जोरात ढकलला असेल.

मग झोक्याची चाल बदलली. एक झोका लांब, एक आखूड. लांब, आखूड. कडीही तशीच वाजे. शेजारच्या सावित्रीबाई ओसरीवर निवडायला बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"सुमन, पाव्हणा आलाय का गं? लंगडतोय जणू."

"कुणी नाही बाई. पोरगी झोका देतीय."

यशोदा तेव्हा चुलीपाशी होती.

"आन् पोर रडत न्हाई व्हय तुझं? लई गुणाचं हाय."

भैरू खरंच रडत नव्हता. भुकेलाही रडत नव्हता. सुमन त्याला पाजायला घेई, तेव्हा तो मान वळवून रिकाम्या पाळण्याकडे बघत राही आणि दूध तोंडातून ओघळे. त्याच्या पायांतलं बाळसं उतरत चाललं होतं. यशोदेने हे पाहिलं होतं. पण घड्याळ थांबलं तर आबांचं काम जाईल, हेही तिला ठाऊक होतं.

सुट्टीच्या दिवशी ज्योतीराम घड्याळ पाळण्यालाच ठेवून पिंपरीच्या बाजाराला गेला. सुमन नदीवर धुणं घेऊन गेली. सावित्रीबाईही रानात होत्या. दुपारचं ऊन दारात पडलं होतं.

पाळणा झुलत होता. यशोदेने त्याची कड दोन्ही हातांनी धरली.

तो थांबला नाही. त्याने तिला ओढलं.

आत भैरू टक्क जागा होता. त्याची नजर पाळण्याभोवती सावकाश फिरत होती, मग थांबे, मग पुन्हा फिरे. भोवती चालणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

यशोदेने दाताने गाठ सोडवली आणि घड्याळ जमिनीवर ठेवलं.

पाळणा जोरात उसळला. त्याची कड तुळईला जाऊन आपटली. भैरूचं डोकं लाकडावर आदळल्याचा आवाज झाला, पण तो रडला नाही.

तिने घड्याळ झटक्यात उचललं. हात हलला, तसा पाळणा हिसका बसून थबकला.

ती भैरूला घ्यायला वाकली. वाकताना हात थांबला. पाळणा पुन्हा निघाला.

लांब. आखूड.

यशोदा हुशार मुलगी होती. तिने घड्याळ डाव्या हातात घालून कोपरापर्यंत सरकवलं आणि हात झुलवत घरातल्या घरात चालू लागली. पाळणा थांबला. ती चालत राहिली. तो थांबून राहिला. एका हाताने भैरू तिला उचलणार नव्हता, म्हणून ती तशीच हात झुलवत, मागे न बघता, आईला आणायला दाराबाहेर पडली.

सुमन ओलं धुणं कमरेवर घेऊन घराखालच्या वाटेने वरच येत होती. यशोदा तिच्याभोवती गोल गोल चालू लागली.

"आई, भैरूला पाळण्यातनं काढ. लवकर काढ."

"काय खेळ गं हा? घामाघूम झालीस. आधी उभी तर ऱ्हा!"

"मला थांबता येत नाही. तू जा ना!"

"येशे, उन्हाचं काय झालंय तुला?" सुमनने धुणं टाकलं आणि लेकीला धरून पोटाशी घट्ट आवळलं. यशोदेचा डावा हात दोघींच्या मध्ये अडकला.

घरातून कडीचा आवाज आला.

सुमनची मान वळली. मिठी मात्र सुटली नाही.

"घरात कोण चालतंय?" तिने हळूच विचारलं.

आवाज भरभर येऊ लागला.

यशोदेने आईच्या मनगटावर दात रोवले, रक्त येईतो, आणि मिठी सुटताच ती हात झुलवत ज्वारीतून चालू लागली, घराकडे पाठ करून. मागे कडीचा आवाज थांबला.