दुहेरी काच

खिडकीवाल्याने दिलेला कागद आप्पांनी तीनदा वाचला आणि चौथ्यांदा लाल पेन्सिल हातात घेऊन वाचला. सामान खिडकीपासून चार फूट लांब सरकवा. पडदे आणि त्यांच्या दांड्या काढून ठेवा. उरलेल्या सामानावर चादरी टाका. दारापासून प्रत्येक खिडकीपर्यंत माणूस चौकट घेऊन जाईल एवढी वाट मोकळी ठेवा. "माणूस म्हणजे केवढा माणूस?" असं त्यांनी फोन करून विचारलंसुद्धा. पस्तीस वर्षं नकाशाच्या कचेरीत रेघा ओढलेल्या गृहस्थांना अंदाजपंचे काम कधी जमलंच नाही. कचेरीतले लोक पाठीमागे त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. आप्पांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

शनिवारी सकाळी मुलगी मदतीला आली, तोवर अर्धं घर आवरून झालं होतं. पडद्यांच्या घड्यांवर चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या, दांड्यांचे स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत होते आणि सोफा भिंतीपासून मोजून चार फूट दोन इंचांवर उभा होता.

"दोन इंच कशाला जास्त?" मुलीने विचारलं.

"त्याची टेप चुकीची असली तर?"

मुलगी हसली आणि पदर खोचून कामाला लागली. आप्पाही खुशीत होते. असं घर हलवायला लागलं की हरवलेल्या वस्तू सापडतात, घामाघूम झाल्यावर पंखा गोड लागतो, आणि मुलगी दिवसभर घरात असते. गेल्या थंडीत कुजलेल्या चौकटींतून वारा शिरून त्यांची छाती भरली होती. तेव्हापासून तिने नव्या खिडक्यांचा ध्यास घेतला होता.

घरात खिडक्या पाच. त्यांपैकी चार गेल्या तर आप्पांना काडीचंही वाईट वाटणार नव्हतं. जीव अडकला होता तो पाचवीत, स्वयंपाकघरातल्या शेगडीसमोरच्या खिडकीत.

आप्पा विसरभोळे. रक्तदाबाची गोळी कधी विसरत, कधी दोनदा घेत. एकदा दोन गोळ्या घेऊन जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हापासून बायकोने सूत्रं हातात घेतली. सकाळी चहाचं पाणी उकळायला लागलं की समोरच्या काचेवर वाफ धरायची. आप्पांनी गोळी गिळली की ती त्या वाफेत बोटाने बरोबरची खूण काढायची. एक आखूड रेघ खाली, एक लांब रेघ वर. "लागली हजेरी," म्हणायची. मग आप्पा कचेरीला निघाले की तळव्याने काचेवर एक गोल पुसून, ते फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यातून बघत राहायची. आप्पा फाटकापाशी वळून वर बघत आणि हात करत.

ती जाऊन तीन वर्षं झाली होती. ती गेल्यावर महिनाभराने एका सकाळी आप्पांनी गोळी गिळली, पाणी उकळलं आणि काचेवरच्या वाफेत खूण उमटली.

आप्पा घाबरले वगैरे नाहीत. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो, तिथे वाफ बसत नाही. साधी गोष्ट आहे, असं त्यांनी स्वतःला नीट समजावलं. एके दिवशी मात्र ते गोळी विसरले आणि त्या दिवशी काच नुसतीच धूसर झाली, कोरी. पातेल्यात पाणी कमी असेल, असं म्हणून ते गोळी घ्यायला गेले. त्यानंतर त्यांनी हा हिशेब तपासला नाही. आयुष्यात त्यांनी न मोजलेली ही एकच गोष्ट. रोज सकाळी ती खूण दिसली की त्यांना बरं वाटायचं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

दुपारी बाहेरच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट सरकवून ते स्वयंपाकघरात आले. मुलगी स्टुलावर चढून, सोड्याचं पाणी आणि वर्तमानपत्राचा बोळा घेऊन शेगडीसमोरची काच घासत होती.

"अगं, उद्या काढायचीये ना ती खिडकी? पुसतेस कशाला?"

"किती ओशट झाली होती आप्पा. काढताना सगळं घरभर उडेल."

काच लख्ख झाली होती. आप्पांचं तोंड एवढंसं झालं.

"आईची आठवण आली का?" मुलीने स्टुलावरूनच विचारलं.

"हो," आप्पा म्हणाले. "आली."

रविवारी सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि पातेलं शेगडीवर ठेवलं. शेवटचंच म्हणून पाणी जास्त ठेवलं. काच हळूहळू धूसर होत गेली, आणि रोजच्या जागी रोजची खूण उमटली.

सोड्याने घासलेल्या काचेवर तेलकटपणा कुठून राहणार? आप्पा पाणी निम्मं आटेपर्यंत तिथे उभे होते. दाराची घंटा वाजली तेव्हा कुठे भानावर आले.

खिडकीवाला आणि त्याचा जोडीदार दोघेही भले होते. मोकळी ठेवलेली वाट बघून खिडकीवाला म्हणाला, "काका, तुम्ही आमच्यातच या." संध्याकाळपर्यंत पाचही खिडक्या बसल्या. आप्पांनी स्वयंपाकघरातली जुनी काच तेवढी मागून घेतली.

"आणि ही नवी बघा," खिडकीवाला बोटाने टिचकी मारत म्हणाला. "दोन काचा आहेत, मधली हवा बंद. चारही बाजूंनी सील. मुंगीसुद्धा आत जायची नाही. हिच्यावर वाफ धरत नाही."

"अजिबात नाही?"

"तोच तर फायदा आहे काका."

खिडक्या खरोखर झकास होत्या. बाहेरचा गलका बाहेर राहिला, घर ऊबदार झालं. त्या रात्री आप्पांना छान झोप लागली.

सोमवारी सकाळी गोळी घेऊन त्यांनी पाणी उकळलं. वाफ काचेपर्यंत गेली आणि विरून गेली. काच स्वच्छच राहिली. मग त्यांनी कपाटामागून जुनी काच आणली आणि दोन्ही हातांनी पातेल्यावर धरली. ती लगेच धूसर झाली. कोरी.

म्हणजे खूण काचेत नव्हतीच. ती बायकोच्या हातात होती, आणि तो हात आता कुठे टेकणार? आप्पांना रडू आलं. डोळे पुसून त्यांनी कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने स्वतःच एक खूण केली. अगदी रेखीव आली. तिच्याकडे बघून काहीच वाटलं नाही.

मंगळवारी बाहेरच्या खोलीतली एक कडी नीट बसवायला खिडकीवाला पुन्हा आला. आप्पा सकाळपासून पडदे लावण्यात गुंतले होते. त्यांनी दोघांच्या चहाचं पाणी ठेवलं. कडी बसवून खिडकीवाला हात धुवायला स्वयंपाकघरात आला आणि थबकला.

"काका, हे कधीपासून?"

शेगडीसमोरची काच धूसर झाली होती.

खिडकीवाल्याने फडक्याने आतून पुसली. धूसरच. खिडकी उघडून हात वळवून बाहेरून पुसली. धूसरच.

"मधे धरलंय," तो म्हणाला. "सील गेलं असणार. पण दोन दिवसांत? असं कधी झालं नाही."

मग तो वाकला. "आणि ही रेघ कसली?"

आप्पांनी चष्मा लावला. मधल्या धुक्यात एक आखूड रेघ होती. वरून खाली आलेली. तेवढीच.

लांब रेघ नव्हती.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं.

"गोळी राहिली," ते म्हणाले.

डबीतून त्यांनी गोळी काढली, तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले. भांडं ओट्यावर ठेवलं.

खिडकीवाला काचेकडेच बघत होता. त्याचं फडकं धरलेलं बोट काचेवर होतं, ते त्याने मागे घेतलं.

आखूड रेघेच्या टोकापासून दुसरी रेघ निघाली. सावकाश, तिरकी, वर गेली. टोकाशी जरा थांबली.

पाणी उकळत होतं. आप्पांनी गॅस बारीक केला.

"काका," खिडकीवाला हळूच म्हणाला, "काच बदलून देऊ का? वॉरंटीत बसेल."

"कशाला?" आप्पा म्हणाले. "चांगली बसलीये."

त्यांनी चहा गाळला, दोघांनी उभ्या उभ्याच घेतला. आप्पांना खूप दिवसांनी भूकही लागली होती. खिडकीवाल्याने अर्धा कप तसाच ठेवला आणि हत्यारांची पिशवी उचलली. आप्पा त्याला सोडायला जिना उतरून खाली आले.

ती गेल्यापासून फाटकापाशी वळून वर बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. आज बघितलं.

स्वयंपाकघराची काच अजून धूसर होती. तिच्या मधोमध, तळव्याने पुसावा तसा, एक स्वच्छ गोल होता.

आप्पांनी हात केला.