हिरवी तार

गोष्टीतल्या पोरी पहिलं वाक्य लाजत बोलतात म्हणे. माझं पहिलं वाक्य होतं, "मरायचंय का?"

झरी गावात एका घराची लाइट फिटिंग करून परत निघाले होते. रस्त्याकडेच्या अंगणात एक उंचेला पोरगा भिंतीवरच्या उघड्या बोर्डात दोन नागव्या तारा आगपेटीच्या काड्यांनी खोसत होता. शेजारी कडबा कापायची मशीन, भोवती शेळ्यांनी सांडलेलं पाणी.

"रोजच खोसतो की," तो म्हणाला. "तुमी कोण?"

"वायरमन."

"बाई हाय की!"

"हाय. सरक."

बोर्डाला झाकण बसवलं, खड्डा खणून मीठ-कोळशाची अर्थिंग केली, तिथून मशीनला हिरवी तार जोडली. "शॉक बसू नये म्हणून हाय ही. उन्हाळ्यात खड्ड्यात रोज बादलीभर पाणी वतायचं," बजावलं. धम्मपाल — हे त्याचं नाव — ऐकतोय कुठं! नुसता माझ्या तोंडाकडं बघत होता.

आठवड्यात फोन. "मॅडम, हिरवी तार निसटली." गेले, जोडली. पुन्हा फोन. पुन्हा तीच!

"उंदरानं काढली," म्हणाला.

"उंदीर काय पक्कड घेऊन आलता?"

तो हसला… खळी पडते मेल्याच्या गालाला. "तुमी यावं म्हणून मीच काढली. तिच्यावाचून मशीन चालतीच की. म्हणलं, कुणाला तरास न्हाई."

मी मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा पेटला — पत्र्यात करंट उतरलेला. तेवढ्यात त्याची आई, चांगुणाबाई, कडब्याची पेंढी घेऊन ओल्यातून अनवाणी आल्या. हात मशीनकडं…

"मावशी, थांबा!" मी बटण बंद केलं. मग त्याच्याकडं वळले. "आठवण तुला येणार, आणि मरायचं हिनं? ह्याला प्रेम म्हणतोस?"

तो पांढराफटक. मी आतली घासलेली वायर बदलली, हिरवी जोडली. "परत फोन करू नकोस."

केला नाही. एवढंच तेवढं ऐकलं गाढवानं!

मे महिन्यात मीच गेले. बोर्ड तपासायला — असं मी स्वतःला सांगितलं. अख्खं अंगण भेगाळलेलं, पण अर्थिंगचा खड्डा ओलागच्च. मातीचा गार वास येत होता.

"टँकरचं पाणी हाय," चांगुणाबाई करवादल्या. "सोताच्या आंघोळीची बादली तिथं वततो. जवळ जाऊ नको पोरी, लय वास यायलाय त्याचा."

धम्मपाल दारात उभा, मान खाली. "समदं ठीक हाय… काईच बिघडलं न्हाई. मग तुमी कशाला आलाव?"

टेस्टर लावला. दिवा लागला नाही. माझंच डोकं फिरलं.

"काही न बिघडवता बोलवता येत न्हाई का रे तुला?"

"तुमीच म्हणलाव, फोन—"

"म्हणले! सगळंच ऐकायचं असतं का?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "मग… आता काय करू?"

"आधी आंघोळ कर. मग आईला घेऊन आमच्या घरी ये. मागणी घालायला."

तो जागचा हलला नाही. चांगुणाबाई मात्र बादली आणायला केव्हाच आत गेल्या होत्या.