भिंतीवरची चाके

गाडीला कोणती चाके शोभतील, हे गाडीकडे पाहून ठरवायचे नाही. तिच्या सावलीकडे पाहून ठरवायचे, असा मालकीणबाईंच्या कारखान्याचा शिरस्ता होता. रंग आणि चकाकी डोळ्यांना भूल घालतात. सावली कोणाची भीड ठेवत नाही. म्हणून उन्हे उतरली की पश्चिमेचे मोठे दार उघडायचे, गाडी मधोमध उभी करायची आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तिचा आकार न्याहाळायचा.

त्या संध्याकाळी मधोमध उभी होती त्यांच्या धाकट्या लेकाची हॉट रॉड. छप्पर कापून बुटकी केलेली, इंजिन उघडे ठेवलेली जुनी मोटार. तारांची चाके बसवून धाकटा तिला पहिल्या फेरीला घेऊन गेला, त्याला आता बरीच वर्षे झाली होती. गाडी तळ्याकाठी सापडली. धाकटा सापडला नाही. मालकीणबाईंनी ती चाके भट्टीत वितळवली आणि गाडीवर कापड टाकले.

ते कापड आज थोरल्या लेकीने ओढून काढले होते.

"त्याची गाडी मी पुरी करणार, आई. आणि पहिली फेरीही मीच मारणार."

"मार. पण तारांची चाकं या दारातून आत यायची नाहीत. माझं एकच लेकरू उरलंय."

टायरवाले काका गाडी भरून माल घेऊन आले होते. आधी रुंद, चकचकीत चाके लावून झाली.

"नाकापेक्षा मोती जड," मालकीणबाई म्हणाल्या. "उतरवा."

मग साधी, भरीव लोखंडी चाके चढली. पुढे लहान, बारीक टायर, मागे उंच आणि जाड. गाडीचे नाक झुकले, पाठ उचलली गेली. झेप घेण्याआधी मांजर दबा धरते तशी ती दिसू लागली.

"हं. जमलं."

"बाई 'जमलं' म्हणाल्या!" काका हसले. "भिंतीवर कोरून ठेवा कोणीतरी."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. काकांचे हसू विरले.

भरीव चाकांची सावली काळी, गच्च पडायला हवी होती. भिंतीवरच्या चाकांतून मात्र मधासारखे ऊन झिरपत होते. बारीक, रेखीव तारांमधून. काकांनी लोखंडावरून तळवा फिरवला. सुई शिरेल एवढेही छिद्र नव्हते.

"चाकं काढा," मालकीणबाई म्हणाल्या. "चारही."

गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढली. चाके निघून जमिनीवर आडवी पडली.

भिंतीवरची गाडी आपल्या चाकांवर तशीच उभी होती.

"मी जरा बाहेर थांबतो, बाई," काका म्हणाले, आणि दाराशी न रेंगाळता गेले.

कारखान्यात तेलाचा वास असायचा. आता ओल्या गवताचा येत होता, शेवाळाचा, संथ पाण्याचा. भिंतीवरच्या तारा सावकाश फिरू लागल्या. आवाज कसलाच नव्हता.

"किती छान दिसतेय गं," थोरली झोपेत बोलावे तसे बोलली. "हीच शोभतात हिला."

"मागे हो."

"नुसती बसून बघते."

"नको म्हणते ना! अगं, आईचं ऐक!"

या कारखान्यात त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. थोरली चढून बसली.

भिंतीवर, तिच्या सावलीला जागा देण्यासाठी, आतले कोणीतरी किंचित सरकले.

तेवढ्यात सूर्यावर ढग आला. भिंत विझली.

ढग सरला तेव्हा गाडी घोड्यांवर होती. थोरली गाडीत होती. भिंत कोरी होती.

थोरली हसत खाली उतरली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता, नेहमीचा होता.

"बघ, कुठे गेले का मी? उगाच जिवाला घोर लावून घेतेस. बस, चहा देते."

मालकीणबाई ताठ बसल्या. भिंतीवर त्यांची सावलीही ताठ बसली. मागे थर्मासचे झाकण फिरल्याचा आवाज झाला, मग ओळखीची पावले वाजली.

भिंतीवर एक कप हवेतून एकटाच त्यांच्याकडे येत होता.

मालकीणबाईंनी हात पुढे केला.