दुधाची सुई

शिवप्पाने हात घातला तो दुधाच्या चरवीच्या झाकणाला. हाती आलं ते गौरव्वाचं मनगट. दोन बांगड्या पिचल्या.

"अगं बया! दिवसाढवळ्या?"

"चुकलं, चुकलं... एका डोळ्याला अंतर कळंना झालंय." त्याने उजव्या डोळ्यावरची पट्टी दाखवली.

गौरव्वाला रागवायचं होतं, पण मेलं हसूच आलं.

सन चौतीसचा हिवाळा. सोलापुरात मंगळवार पेठेत डॉक्टर वेणीमाधवांचा डोळ्यांचा दवाखाना होता, आणि गवळ्याची गौरव्वा तिथे रोज रतीब घाली. शिवप्पा दुधनीच्या शाळेतला मास्तर. सायकलवरून जाताना बाभळीचा काटा डोळ्यात शिरला, आणि काट्याबरोबर आत गेलेल्या जंतूंनी थेट बुबुळामागे पू केला. असलं दुखणं हजारात एखाद्याला होतं. ते नेमकं या हसऱ्या माणसाला व्हावं, याचा गौरव्वाला मनापासून संताप आला.

डॉक्टरांचा इलाज ऐकून तर ती चाटच पडली. उकळून निवलेलं दूध सुईने कमरेत टोचायचं! त्याने ताप चढतो, आणि तापलेलं अंग जंतूंना पुरून उरतं म्हणे.

"तुमच्याच घरचं दूध माझ्या अंगात," शिवप्पा म्हणाला. "आता परकी कशी म्हणू तुमाला?"

"लई बोलता की मास्तर! ताप येऊ द्या आधी..."

पण ताप काही येईना. दोन सुया झाल्या, अंग जेमतेम कोमट. पू मात्र वाढत होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "उद्या शेवटची सुई. तापला नाहीस, तर डोळा काढावा लागेल. नाहीतर दुसराही जाईल."

शिवप्पाने डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग हळूच म्हणाला, "तर मग... आज तुमाला नीट बघून घेतो."

गौरव्वाने मान फिरवली. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. तिची आत्या पार्वतम्मा चरवी भरली की वरून तांब्याभर पाणी ओतायची. सगळ्याच रतिबांना, आत्याला त्यात काही वावगं वाटत नसे. बोलावं, तर रतीब जाणार, पेठेत नाक कापलं जाणार. आणि शिवप्पा? तो तोंडही बघणार नाही. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ती आली ती रिकामी चरवी आणि मागे म्हैस घेऊन.

"दुधात पाणी होतं, डॉक्टर," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पहिल्या दिवसापासनं. मला ठावं होतं. आता हितं, तुमच्या डोळ्यांदेखत पिळते. मग रतीब तोडा, शिव्या द्या... पण आधी ह्यांना सुई द्या."

डॉक्टर लालबुंद झाले. शिवप्पा मात्र खाटेवर उठून बसला आणि खो खो हसायला लागला.

"म्हंजे मला पाणी टोचलं व्हय! आणि मला वाटलं, तुमची मायाच कमी पडली!"

"माया पातळ नव्हती!" ती रडत म्हणाली... आणि तिने जीभ चावली. पण बोलून तर बसली होती.

तिथंच धार काढली, दूध उकळून निवलं आणि सुई टोचली गेली. दुपारी गिरणीचा भोंगा झाला आणि शिवप्पाला हुडहुडी भरली. चार गोधड्या घातल्या तरी थांबेना. ताप एकशे तीन! डॉक्टर थर्मामीटर उंच धरून ओसरीवर धावत आले. गौरव्वाने म्हशीच्या गळ्याला मिठीच मारली. कुणाला ताप आला म्हणून दवाखान्यात पेढे वाटले गेले, ते त्याच दिवशी. पुढे आणखी दोन सुया झाल्या, पू विरला, लाली उतरली. रतीबही गेला नाही. फक्त म्हैस दारात आणून पिळायची, एवढी अट पडली.

दहाव्या दिवशी पट्टी सुटली.

"काय दिसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"चरवी... तिचं झाकण... आणि दोन बांगड्या कमी असलेला हात."

"धर बघू झाकण."

शिवप्पाने नीट नेम धरून हात पुढे केला, आणि मनगट धरलं.

"पुन्यांदा चुकलात की मास्तर!"

"न्हाय गौरव्वा. आता दोन्ही डोळ्यांनी बघून धरलंय. चुडा भरायचाय."

गौरव्वाने मान खाली घातली, पण हात काही मागे घेतला नाही.

"मग सोडू नका," ती म्हणाली.