वाट्याचा हात

लाईट काय आता तासभर येत न्हाय. कृष्णात, त्यो मोबाईल पालथा घाल आधी, डोळ्यात उजेड मारतोय. आणि प्रीती, मघाशी काय म्हणलीस? "आकारामतात्या, मशीनमधी कुठं भूत असतंय व्हय?" असतंय का नसतंय ते मला इचारू नको. मी अर्धं बघितलंय. उरलेलं अर्धं ज्येच्यावर बेतलं त्येच्या तोंडनं ऐकलंय, आणि त्यो पोरगा खोटं बोलणाऱ्यातला न्हवं.

प्रसेनजीत त्येचं नाव. उद्यमनगरात आमच्या कारखान्यात हुता. पत्र्याचे डबे ठोकायचे प्रेस बनवायचो आम्ही. मी फिटर, त्यो संगणकावर. दोन हजार सात साल, पाच डिसेंबर, बुधवारची रात. दुसऱ्या दिवशी सहा डिसेंबर म्हणून आई-बाप दादरला गेलेले. घरात एकटाच. जेवला, कुलूप घातलं, गाडीला किक मारली आणि कारखान्यात आला. काम साधं हुतं. सकाळी एक प्रेस आजऱ्याला काजूच्या कारखान्यात जायचा हुता, त्येच्या आधी त्येचा ड्रायव्हर तपासून पास करायचा.

हसू नको रं, ड्रायव्हर म्हंजे गाडीचा न्हवं! प्रेसच्या डोक्यात प्रोग्राम असतो, त्येला फर्मवेअर म्हणत्यात. नवा प्रोग्राम आत सोडायच्या आधी त्येच्यावर कंपनीचा शिक्का खरा हाय का खोटा, ह्ये बघणारा एक राखणदार असतो, पार कर्नलमधी, म्हंजे प्रोग्रामच्या मुळाशी, बसल्याला. त्यो ड्रायव्हर. भलतासलता प्रोग्राम आत गेला तर काय हुतंय? बाई पत्रा सरकवती, वरनं ठोकळा येतो. मधी उजेडाचा किरण असतो. हात आडवा आला की ठोकळा जागच्या जागी थांबतो. प्रोग्रामलाच किरण कळला न्हाय तर... थांबत न्हाय. आणि आजऱ्यात त्या प्रेसवर बसणार हुती प्रसेनजीतची थोरली भन, शालनआक्का.

आमच्या मालकाचा एक कायदा हुता. ज्येनं लिहिलं त्येनं तपासायचं न्हाय. दुसऱ्यानं तपासायचं, आणि ज्येनं पास केलं त्येनंच प्रेसखाली आपला हात घालून दाखवायचा. म्हंजे डोळं झाकून कोण पास करणार न्हाय. ड्रायव्हर लिहायचा शिवशरण. गडहिंग्लजकडचा, आई गंगव्वाचा एकुलता एक. लई गुणाचं पोरगं. प्रसेनजीत हात घालायच्या आधी ह्यो आपल्या डबीतलं भस्म पाण्यात भिजवून त्येच्या मनगटावर तीन बोटं ओढायचा.

"शिवा, माझा ह्येच्यावर इश्वास न्हाय बाबा," प्रसेनजीत म्हणायचा.

"तुझा नसू दे. माझा हाय की. हात तुझा, काळजी माझी."

त्याच वर्षीच्या आषाढात काय झालं... शिवानं लिहिलंय म्हंजे त्यात बघायचं काय, म्हणून प्रसेनजीतनं वरवर चाळून पास केलं आणि भाच्याचं नाव ठेवायला आजऱ्याला गेला. सकाळी प्रेस न्यायची गाडी दारात उभी. शिवशरण म्हणला, "त्यो न्हाय तर न्हाय. त्येच्या वाट्याचा हात मी घालतो." घातला. त्येच्या मनगटावर भस्म ओढायला कोण नव्हतं. ठोकळा थांबला न्हाय. उजवा हात गेला, आठवड्यानं पोरगंबी गेलं. किरणाचा डोळा खराब हुता असं ठरलं, डोळा बदलला. ड्रायव्हर तसाच राहिला. मालकानंबी तवापास्नं हात बंद करून लाकडाचा ठोकळा घालायला सुरुवात केली.

आता त्योच ड्रायव्हर प्रसेनजीतच्या म्होरं हुता. शेजारचं टेबल शिवशरणचं. त्येचा संगणक कवाच नेलेला. नुसता कीबोर्ड पडलेला, वायर लोंबत.

वाचलं त्येनं सगळं. शिक्का तपासतोय, बरोबर. खोटा असला तर हाकलतोय, बरोबर. बारा वाजून गेल्यालं, डोळं चुरचुरत हुतं. आषाढात चाळलेलं ते हेच. काय चुकीचं दिसत न्हाय. 'पास' म्हणून लिहायला बोट उचललं...

लाईट गेली.

संगणक बॅटरीवर चालू राहिला. बाकी मिट्ट काळोख. वॉचमनला हाक मारली. त्यो फिरकला न्हाय.

आणि शेजारी वाजलं.

टक.

टक... टक.

कीबोर्ड. वायर लोंबत असलेला. आपण दोन हातांनी किती भरभर मारतो? हे तसं नव्हतं. थांबून थांबून. एका हातानं मारल्यागत...

"शिवा?"



भस्माचा वास आला. ओल्या.  त्यो उठाय लागला. तेवढ्यात आत, प्रेसकडनं...

धप्प.

अगं, लाईट नव्हती! लाईट नसताना प्रेस कसा पडंल?

त्येनं समोर बघितलं. पडद्यावरच्या वळी आपोआप वर सरकत हुत्या. त्येचा हात मांडीवर हुता. सरकत सरकत एका वळीवर थांबल्या. त्येनं धीर करून खाली ढकलल्या. परत वर. तीच वळ.

टक... टक...

मग वाचली त्येनं ती वळ. आषाढात वाचली नव्हती ती.

नवा प्रोग्राम आत भरता भरता लाईट गेली, तर जुना प्रोग्राम परत आत घ्यायचा. त्येचा शिक्का तेवढा तपासायचा. अरे, जुन्याचाबी शिक्का खराच की! कंपनीनंच मारलेला! पर त्यो प्रोग्राम किरण बसवायच्या आधीचा. त्येला किरण म्हंजे काय ते ठाऊकच न्हाय. आषाढात त्या राती प्रोग्राम भरताना उद्यमनगरात लाईट गेलीवती. राखणदारानं जुन्याला मानानं आत घेतलं, आणि सकाळी शिवानं हात घातला...

आजऱ्याला तर लाईट दिवसात कितींदा जाती.

लाईट आली तवा प्रसेनजीत टेबलावर डोकं ठेवून रडत हुता. "मी वाचलं न्हाय रं शिवा. मी वाचलंच न्हाय." कीबोर्डची टकटक बंद झालती. मग डोळं पुसलं आणि उजाडंपर्यंत बसून दुरुस्त केलं. शिक्का खरा असला तरी जुन्याला दार बंद. प्रेसनं लाल दिवा लावून गप उभं राहायचं.

सकाळी मालक आला, मी आलो. प्रसेनजीत मला म्हणला, "तात्या, भरता भरता वायर उपटा." उपटली. परत लावली. लाल दिवा. प्रेस हललाबी न्हाय. मग नीट पुरता प्रोग्राम भरला. मी लाकडाचा ठोकळा आणला.

"ठोकळा नको," त्यो म्हणला.

मालक वराडला, "याड लागलंय व्हय? एक पोरगं घालवलंय मी!"

"ह्यो माझ्या वाट्याचा हात हाय मालक. आषाढातला राहिलाय. उद्या तिथं माझी आक्का बसणार हाय."

बाही वर सारली. मनगट कोरडं, उघडं. मी बघितलं. उजवा हात आत घातला आणि पायानं पेडल दाबलं.

ठोकळा सुटला. माझं डोळं मिटलं.

आवाज न्हाय...

उघडून बघतोय तर ठोकळा बोटांच्या वर अधांतरी थांबल्याला. मालक मटकन खाली बसला. प्रसेनजीतनं हळूच हात भायेर काढला, उजेडात धरला. आणि बघतच राहिला.

शिवशरण गेल्यापास्नं आमच्यात भस्म लावणारं कोण नव्हतं. मालक न्हाय, मी न्हाय.

त्येच्या मनगटावर तीन बोटं ओढल्याली हुती. मी हात लावून बघितलं. अजून ओली हुती.